‘थँक्यू म्हण बघू!’

बालवाडी सुटायची वेळ. साडेतीन वर्षांच्या एका मुलाची टोपी सकाळपासून सापडत नव्हती. ती ठोकळ्यांच्या पेटीत अगदी तळाशी गेलेली. ताईंनी ती शोधून काढली आणि दारात त्याच्या डोक्यावर घातली. “थँक्यू म्हण ताईंना,” आई म्हणाली. मुलगा आईच्या पायामागे लपला. “म्हण ना, घरी तर म्हणतोस!” तो आणखी मागे सरकला. आई ओशाळली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं खिशातून झाडाचं एक चुरगळलेलं पान काढलं, ताईंच्या हातावर ठेवलं आणि काही न बोलता खेळायला पळाला.

आईच्या हिशेबात पोरगा आदल्या दिवशी नापास झाला होता. पण या वयाच्या मुलांचा अभ्यास करणाऱ्यांना त्यात काहीच वावगं वाटणार नाही. १९८० साली एस्थर ग्रीफ आणि जीन बर्को ग्लीसन या संशोधिकांनी दोन ते पाच वर्षांची २२ मुलं पाहिली. प्रत्येकाला एक भेटवस्तू दिली आणि मूल काय बोलतं ते टिपलं. आपणहून आभार मानण्याचं प्रमाण निघालं जेमतेम ७ टक्के. पालकांनी आठवण करून दिल्यावर मात्र बहुतेकांनी तो शब्द उच्चारला. म्हणजे शब्द येत होता. तो कधी आणि का वापरायचा हे अजून उमगलेलं नव्हतं.

आपली भाषा इथे मदतीला येते. ‘कृतज्ञ’ म्हणजे केलेलं जाणणारा. उपकाराची आपण ‘जाण’ ठेवतो. दोन्हीकडे भर जाणण्यावर आहे, बोलण्यावर नाही. आणि जाणायचं तरी किती! मला काहीतरी चांगलं मिळालं, ते अमुक माणसामुळे मिळालं, त्यानं ते मुद्दाम माझ्यासाठी केलं, आणि करायलाच हवं होतं असंही नव्हतं. यातल्या ‘मुद्दाम’पाशी लहान मूल अडखळतं, कारण त्यासाठी दुसऱ्याच्या मनात डोकवावं लागतं. दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळी, प्रसंगी चुकीचीही समजूत असू शकते, हे मुलांना साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास कळू लागतं. विमर आणि पर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये हे तपासण्याची जी पद्धत काढली, ती आजही वापरली जाते. पुढे २०१३ च्या एका अभ्यासात असं दिसलं, की तिसऱ्या वर्षी भावना आणि चौथ्या वर्षी इतरांचे विचार ज्या मुलांना चांगले ओळखता येत होते, त्यांना पाचव्या वर्षी कृतज्ञताही अधिक चांगली समजत होती.

म्हणून टोपीचा प्रसंग पुन्हा पाहा. टोपी हरवली, मग टोपी डोक्यावर आली. मधली ताईंची शोधाशोध मुलानं पाहिलीच नव्हती. आभार कशाचे मानायचे?

त्यानं दिलेल्या पानाचं स्पष्टीकरण या अभ्यासांहून जुनं आहे. फ्रान्सिस्का बाउमगार्टन-ट्रामर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९३८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सात ते पंधरा वर्षांच्या १,०५९ मुलांना दोन प्रश्न विचारले होते : तुझी सर्वांत मोठी इच्छा कोणती, आणि ती पुरी करणाऱ्यासाठी तू काय करशील? उत्तरांचे त्यांनी गट पाडले. कुणी नुसते शब्दांनी आभार मानणार होतं. कुणी स्वतःला आवडणारी वस्तू देणार होतं, मग समोरच्याला तिचा उपयोग असो वा नसो. कुणी त्याला काय हवं असेल याचा विचार करत होतं. आपल्या आवडीची वस्तू देणं लहान मुलांत जास्त, समोरच्याच्या गरजेचा विचार मोठ्यांत जास्त. चुरगळलेलं पान कुठल्या गटातलं, हे सांगायला नको. आपण अशा पानांना कचरा समजतो, याचं मला फार वाईट वाटतं.

मुलांना चांगलं वागायची सवय लागावी म्हणून बक्षिसाचं आमिष दाखवायचा मोह मोठ्यांना होतोच. भिंतीवर तक्ता, मदत केली की एक चांदणी. इथे जरा थांबावं. वार्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये अठरा महिन्यांच्या २४ बाळांसमोर साधे पेच उभे केले : कपडे वाळत घालणाऱ्याचा चिमटा हातातून पडतो, दोन्ही हात भरलेल्या माणसाला कपाट उघडता येत नाही. २४ पैकी २२ बाळांनी निदान एकदा तरी मदत केली, कुणी न सांगता. दोन वर्षांनी त्यांनीच वीस महिन्यांच्या मुलांवर पुढचा प्रयोग केला. ज्यांना मदतीबद्दल वस्तू मिळत गेली, त्यांची मदत ती वस्तू बंद होताच कमी झाली. नुसतं कौतुक मिळालेल्यांची किंवा काहीच न मिळालेल्यांची तशी झाली नाही. जे फुकट चाललं होतं त्याला आपणच किंमत लावली, आणि मग ती परवडेना.

मग जाण येते कुठून? बरीचशी रोजच्या किरकोळ कामांतून. हात धुताना बाही वर करणं, नाक पुसणं, बूट घालताना “आता दुसरा पाय” म्हणून वाट पाहणं. एकेकाळी गणित शिकवणाऱ्या तत्त्वज्ञ नेल नॉडिंग्ज यांनी १९८४ मध्ये एक मुद्दा मांडला : काळजी एकट्यानं घेता येत नाही, ती समोरच्यापर्यंत पोहोचली तरच पुरी होते. पोहोचल्याची पावती म्हणजे ‘थँक्यू’च असं नाही. सैल पडलेले खांदे, एक हसू, पुढे केलेला पाय, एवढंही पुरतं. हे फक्त भावनेपुरतं नाही. हॅमरे आणि पियांटा या संशोधकांनी १७९ मुलांचा बालवर्गापासून आठवीपर्यंत माग काढला. बालवर्गात शिक्षिकेशी ज्यांचे सतत खटके उडत होते, त्यांच्या अभ्यासात आणि वागणुकीत पुढेही अडचणी जास्त दिसल्या. यावरून एकच कारण ठरवता येत नाही, पण सुरुवातीचं नातं बराच काळ सोबत राहतं एवढं दिसतं. आणि हे नातं निर्दोष असावं लागत नाही. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी आई आणि बाळाचे चेहरे क्षणाक्षणाला तपासले, तेव्हा दोघांचा सूर जुळलेले क्षण थोडेच निघाले. सूर तुटतो, पुन्हा लागतो, आणि विश्वास बसतो तो या पुन्हा लागण्यावर. दमलेल्या ताईंनी आवाज चढवला आणि नंतर जवळ बसून “मघाशी मी जोरात बोलले” म्हटलं, तर काही बिघडत नाही.

राहिले मोठे. बालवाडीत ताई, मदतनीस आणि पालक रोज दारात भेटतात आणि बहुधा तक्रारीपुरतंच बोलतात. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ मध्ये काही लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली. लिहिणाऱ्यांना वाटत होतं, वाचणारा अवघडेल. प्रत्यक्षात वाचणारे अंदाजापेक्षा कमी अवघडले आणि कितीतरी जास्त सुखावले. या चुकीच्या अंदाजापायी दारातल्या कितीतरी गोष्टी मनातच राहत असणार.

त्या दिवशी आईनं मुलाला ढोसण्याऐवजी स्वतःच म्हटलं असतं, “पेटीच्या तळातून काढलीत ना? सगळे ठोकळे उपसावे लागले असतील,” तर ताईंना बरं वाटलं असतं. आणि पायामागच्या त्या मुलाला, टोपी कुठे होती आणि ती कुणी, कशी काढली, हे पहिल्यांदाच कळलं असतं.