लोणार आणि पुकोन: दोन तळी, एकच गैरसमज

लोणारचा विषय निघाला की जालना, परभणी, हिंगोलीकडे कुणीतरी हमखास सांगतं, "तिथं ज्वालामुखीचं तोंड होतं. थंड झालं आणि पाणी साचलं." चिलीतल्या पुकोन गावाचे फोटो ट्रेकिंगच्या ग्रुपवर फिरायला लागल्यापासून या समजुतीला जोडीदार मिळालाय. समोर निळं तळं, मागं बर्फानं झाकलेला धुरकट डोंगर, आणि खाली कुणाचीतरी टिप्पणी: "आपलं लोणारच की, फक्त थंड हवेतलं."

दोन्हीकडे तळं आहे, काठावर गाव आहे आणि दोन्हींची ज्वालामुखीशी ओळखही आहे. पण लोणारचं तळं ज्वालामुखीनं केलेलं नाही. गंमत म्हणजे पुकोनचंही नाही.

आधी आपल्या पायाखालचं बघू. मराठवाड्याची जमीन ज्वालामुखीची आहे यात शंकाच नाही. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथं लाव्हा वाहिला. तो एखाद्या शंकूसारख्या डोंगराच्या टोकातून उसळला नाही, जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांमधून बाहेर आला आणि शेकडो किलोमीटर पसरत गेला. एक थर गार झाला की त्यावर पुढचा. विहीर खणणाऱ्याला हे पुस्तकाशिवाय ठाऊक असतं: वर काळी माती, मग मुरूम, मग कुठं मऊसर मांजऱ्या, कुठं सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण. वेरूळ-अजिंठ्याची लेणी याच थरांत कोरली, देवगिरीचा कडा याच थरांत तासला. आपले डोंगर म्हणजे ज्वालामुखी नव्हेत. आजूबाजूचे थर नद्यांनी झिजवून नेल्यावर जे उरले ते हे डोंगर, म्हणून त्यांचे माथे सपाट आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचे. ज्वालामुखीचा डोंगर मराठवाड्यात बघायलाच मिळत नाही, त्यामुळे गोल खड्डा दिसला की आपण त्यालाच ज्वालामुखी म्हणून मोकळे होतो.

लोणार बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे कागदोपत्री विदर्भात. पण मंठ्याच्या पुढे गेलं की आलंच, म्हणून मराठवाड्याची माणसं ते आपलंच धरतात. तिथला खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि काठापासून दीडशे मीटरच्या आसपास खोल. तो झाला आकाशातून आलेल्या दगडानं, आणि तोही लाव्हा थिजून गार झाल्यावर कोट्यवधी वर्षांनी. नक्की कधी, यावर भूशास्त्रज्ञांचं एकमत नाही. एका पद्धतीनं मोजलं तर वय ५२ हजार वर्षं येतं, आर्गॉन वायूच्या पद्धतीनं मोजलं तर पावणेसहा लाखांच्या घरात जातं. कोणताही आकडा धरा, आग विझून युगं लोटल्यावरच हा खड्डा पडला.

हा घोळ फक्त आपलाच नाही. एकोणिसाव्या शतकातले भूशास्त्रज्ञही लोणारला ज्वालामुखीच समजत. १८९६ मध्ये ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या अमेरिकी भूशास्त्रज्ञानं लोणार आणि अ‍ॅरिझोनातला प्रसिद्ध खड्डा यांचं साम्य टिपलं. साम्य अगदी बरोबर होतं. पण अ‍ॅरिझोनाचा खड्डाच वाफेच्या स्फोटानं झाला असा निष्कर्ष त्यानं काढला, त्यामुळे बरोबर जोडी लावूनही उत्तर चुकलं. लोणारचा निकाल लागला १९७३ मध्ये. तळाच्या दगडांत मास्केलिनाइट नावाची काच सापडल्याचं शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं. दगडातलं फेल्डस्पार हे खनिज वितळून नव्हे, तर प्रचंड धक्क्यानं काचेसारखं होतं तेव्हा ही काच बनते. ज्वालामुखीत उष्णता कितीही असली तरी असा धक्का नसतो.

काच ओळखायला सूक्ष्मदर्शक लागतो. डोळ्यांना दिसणारी खूणही आहे आणि ती मला जास्त आवडते. जालन्याकडच्या कुठल्याही दगडखाणीत बघा, लाव्हाचे थर जवळपास आडवे असतात. लोणारच्या काठावर मात्र तेच थर उचलले गेलेत, खड्ड्यापासून बाहेरच्या बाजूला कललेत, आणि काही ठिकाणी तर पार उलटे पडलेत. खालून काही बाहेर येऊन साचलं असतं, तर नवा दगड जुन्यावर बसला असता. इथं नवं काहीच आलेलं नाही, जुनंच उपटून बाहेर फेकलंय. तो राडारोडा काठापासून किलोमीटरभराहून पुढेपर्यंत पसरलाय.

आता पुकोन. पहिला गुंता नावांचा, आणि तो बुकिंग करताना महागात पडू शकतो. ज्वालामुखीचं नाव विल्यारिका. तळ्याचं नाव विल्यारिका. तळ्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या शहराचं नावही विल्यारिका. साहसी पर्यटनाचं गाव म्हणून ज्याची कीर्ती आहे ते पुकोन मात्र तळ्याच्या पूर्व टोकाला, पंचविसेक किलोमीटर दूर. हॉटेल घेताना कोणतं टोक आहे ते बघा.

हे तळं सुमारे १७६ चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या नाथसागराच्या साधारण निम्मं, पण खोली जागोजाग दीडशे मीटरच्या पुढे जाते. ते खणलं हिमनद्यांनी. हिमयुगात अँडीज पर्वतातून उतरलेल्या बर्फानं दरी कोरली, जाताना दगडमातीचा बांध तोंडाशी टाकून ठेवला आणि बर्फ वितळल्यावर मागं पाणी अडलं. ज्वालामुखी शेजारी उभा आहे, एवढाच त्याचा तळ्याशी संबंध. पूर्वेकडून नदी येऊन मिळते, पश्चिमेला तोल्तेन नदी बाहेर पडून प्रशांत महासागराला जाते. पाणी वाहतं असल्यानं गोडं आहे, लोक पोहतात, कयाक चालवतात. लोणारच्या पाण्याला बाहेर जायला वाटच नाही. पाऊस आणि झरे आत येतात, बाहेर फक्त वाफ जाते, आणि क्षार मागं साठत राहतात. म्हणून ते पाणी इतकं खारट आणि अल्कधर्मी, की त्यात जगणारे जीवही वेगळेच. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं त्याचं कारण खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव असल्याचं सांगितलं. त्याच वर्षी लोणार रामसर स्थळांच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं.

विल्यारिकाचा डोंगर २,८४७ मीटर उंच आणि पूर्ण जिवंत. नाझ्का नावाचं भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा एक मोठा तुकडा, दक्षिण अमेरिकेखाली सरकतं, खोल जाऊन तिथला खडक वितळवतं, आणि तो रस वर येतो. त्याच्या मुखात अधूनमधून उघड्या लाव्हाचं छोटं डबकं असतं, जगात असे ज्वालामुखी मोजकेच. डोंगराला तिथले मूळ रहिवासी, मापुचे नावाचे लोक, रुकापियान म्हणतात, पियान या शक्तीचं घर. आपल्याकडे लोणारच्या कथेत लोणासुराला विष्णूनं त्याच्या भुयारातून शोधून मारलं. म्हणजे आपल्या कथेत असुराचा निकाल लागून गेलाय आणि त्यांच्या कथेत घरमालक अजून घरातच आहे. भूशास्त्रही दोन्हीकडे तेच सांगतं.

या डोंगराचा खरा धोका मात्र लाव्हा नाही, माथ्यावरचं बर्फ आहे. उद्रेक झाला की बर्फ क्षणात वितळतं आणि राख, दगड, झाडं घेऊन चिखलाचे लोंढे नद्यांच्या पात्रांतून खाली सुटतात. १९६४ मध्ये डोंगराच्या दक्षिणेला असलेल्या कोन्यारिपे गावाची अशाच लोंढ्यानं वाताहत झाली. १९७१ मध्येही माणसं गेली ती लोंढ्यांत. ३ मार्च २०१५ ला पहाटे तीनच्या सुमारास लाव्हाचं कारंजं उसळलं, हजारो लोकांना हलवावं लागलं. त्याच वर्षी पुकोनमध्ये लोक पुन्हा सुट्टीला आले. गावात ज्वालामुखीसाठी सिग्नल आहे, हिरवा-पिवळा-नारिंगी-लाल. तेमुको शहरातली वेधशाळा डोंगराचे हादरे सतत ऐकत असते. पुकोनला गेलात तर पहिल्या दिवशी दोन गोष्टी बघून ठेवा: आजचा रंग कोणता, आणि मुक्कामापासून वर पळायची वाट कोणती. नदीकाठची खोली स्वस्तात मिळाली म्हणून खूश होऊ नका.

इथं एक आडवाट. हिंगोली जिल्ह्यात वसमत-औंढ्याकडे जमिनीतून गूढ आवाज येतात, मार्च २०२४ मध्ये भूकंपाचे धक्केही बसले. दरवेळी "ज्वालामुखी होणार का?" हा प्रश्न फिरतो. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरही फिरला होता. आपल्याखाली कुठलं भूपट्ट सरकून खडक वितळवत नाही. जुन्या कातळात साठलेला ताण सुटतो, त्याचे हे हादरे. घरं पाडायला ते पुरेसे आहेत, किल्लारीनं ते दाखवलंच, पण लाव्हा वर आणायला त्यांचा उपयोग नाही.

पुकोनला काय करायचं? डोंगर चढणं हे मुख्य आकर्षण. स्कीच्या तळापासून साधारण १,४०० मीटरची चढाई, बरीचशी बर्फावरून. हेल्मेट, बर्फकुऱ्हाड आणि बुटांना लावायचे खिळे अंगावर, सोबत अधिकृत वाटाड्या. उतरताना लोक बर्फावर बसून घसरत येतात. सह्याद्रीत दहा किल्ले केलेल्यांनाही मी सांगेन, फाजील आत्मविश्वास ठेवू नका. आपला सराव कातळाचा आणि घसाऱ्याचा आहे, तीस अंशांच्या बर्फाळ उतारावर पाय सुटला तर कुऱ्हाड कशी रोवायची ते तिथंच पहिल्यांदा शिकावं लागतं. शिवाय वर जाता येईल याची खात्री नसते. २०२२ च्या अखेरीस इशारा पिवळ्यावर गेला, २०२३ मध्ये काही काळ नारिंगीवरही होता. अशा वेळी मुखाभोवतीचा भाग बंद असतो. फक्त माथ्यासाठी तिकीट काढणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

माथा हुकला तरी दिवस वाया जात नाहीत. त्रांकुरा नदीत राफ्टिंग आहे, वरचा टप्पा रागीट, खालचा कुटुंबासह जमण्याजोगा. उएर्केउए राष्ट्रीय उद्यानात आराउकारियाची जुनी झाडं आणि डोंगरातली छोटी तळी. संध्याकाळी गरम पाण्याचे झरे. किनाऱ्याची वाळू काळी आहे, आणि मूठभर हातात घेतली तर मराठवाड्याच्या माणसाला ती परकी वाटणार नाही, कारण मूळ दगड आपल्या काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बसाल्टच्याच नात्यातला.

हंगाम उलटा. डिसेंबर ते फेब्रुवारी तिथं उन्हाळा, जुलै-ऑगस्टमध्ये स्की. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत गेलात तर हाती पावसाळी थंडी लागेल. सान्तियागोपर्यंत विमान, पुढे तेमुकोचं विमान किंवा रात्रभराची बस.

लोणारला याच्या उलट सगळं सावकाश. हिवाळ्यात जा, सकाळी लवकर काठावरून चाला, मग उतरून झाडीतल्या जुन्या मंदिरांपर्यंत जा. गावात दैत्यसूदनाचं मंदिर आणि गोमुखाची धार आहे. अभयारण्य असल्यानं पोहणं-नाव काही नाही, आणि त्या पाण्यात उतरावंसं वाटणारही नाही.

मग ज्वालामुखीच्या तोंडातच साचलेलं तळं असतं कुठं? त्याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे इंडोनेशियात, सुमात्रातलं तोबा. जवळपास १०० किलोमीटर लांब, ३० किलोमीटर रुंद. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी इतका मोठा उद्रेक झाला की वरची जमीन आत कोसळली आणि त्या खळग्यात पाणी भरलं. त्याची राख उडत आंध्रातल्या ज्वालापुरमपर्यंत आली, तिथं तिचा थर आजही सापडतो. मधोमध सामोसिर नावाचं बेट आहे, परापात गावाहून नावेनं तिकडे जाता येतं.