व्यसनमुक्तीनंतरचा पाठपुरावा

व्यसनमुक्ती केंद्रातला उपचार संपवून घरी आलेल्या माणसाला पुढे काही वर्षे मिळत राहणारा आधार म्हणजे पाठपुरावा. केंद्रांतून त्याला सर्रास 'फॉलोअप' म्हणतात. समुपदेशकाच्या भेटी, स्वमदत गटाच्या (व्यसन सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या गटाच्या) बैठका, औषधे, घरच्यांसाठीचे गट, इतकेच काय, ठरल्या वेळी येणारा एखादा फोनही त्यात मोडतो. केंद्रात चौकशीला येणारे नातेवाईक बहुधा 'किती दिवस ठेवता?' हे आधी विचारतात. सुटी झाल्यावर पुढे काय, हे विचारणारे थोडे. खरे तर केंद्राची पारख याच प्रश्नाने करावी.

दारू अचानक बंद झाल्यावर होणारी थरथर, घाम, मळमळ, काहींना येणारे झटके किंवा होणारे भास हा त्रास डॉक्टरांच्या देखरेखीखाली बहुतेकांत आठवड्याभरात ओसरतो. उडालेली झोप, चिडचिड आणि कशातच मन न लागणे मात्र महिनोन्‌महिने रेंगाळते. पुन्हा पिण्याचे प्रमाण पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असते. मनोविकारांच्या प्रचलित वर्गीकरणातही तीन महिने लक्षणे नसतील तर 'सुरुवातीची' आणि बारा महिने नसतील तर 'टिकलेली' सुधारणा मानतात. गर्द किंवा तत्सम अफूजन्य पदार्थ घेणाऱ्याच्या बाबतीत धोका वेगळाच आहे. बंद केल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते आणि जुन्याच मात्रेने पुन्हा सुरुवात केली तर जीव जाऊ शकतो. म्हणून अशा रुग्णांना पाठपुराव्यात तलफ आवरणारे ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध दीर्घकाळ दिले जाते.

घरी आल्यावर खरी पंचाईत होते ती संध्याकाळची. सात ते नऊ हा वेळ वर्षानुवर्षे गुत्त्यावर किंवा बारमध्ये गेलेला असतो. तो एकदम मोकळा पडतो. मित्र म्हणावेत ते सगळे पिणारे. घरी यायला उशीर झाला की बायको दारातच तोंडाचा वास घेते, एटीएम कार्ड भावाकडे असते, आणि 'आता तरी सुधारला का?' हा प्रश्न शेजारच्या काकाही विचारून जातात. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत तलफ उसळते असे गटांत शिकवतात. त्यांच्या जोडीला आपल्याकडचे धोक्याचे दिवस आहेतच: पगाराची तारीख, लग्नघरातली हळदीची रात्र, विसर्जनाची मिरवणूक, धुळवड, थर्टी फर्स्ट आणि आषाढ अमावास्येची गटारी. गटारीनंतर येणारा श्रावणही एका अर्थाने फसवाच. महिनाभर न पिता काढला की 'मला कधीही सोडता येते' असा पुरावा हाती लागतो आणि तोच पुढचे अकरा महिने पुरतो.

स्वमदत गट. पाठपुराव्याचे जुने आणि आजही सर्वांत स्वस्त साधन म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, अर्थात 'एए'. त्याची सुरुवातच उपचारानंतरच्या एका कठीण संध्याकाळीतून झाली. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात एका हॉटेलात एकटा होता. दारू सोडून पाचेक महिने झाले होते, व्यवहार फसला होता आणि लॉबीतून बारमधली गडबड ऐकू येत होती. बारकडे जाण्याऐवजी त्याने चर्चच्या यादीतून फोन लावायला सुरुवात केली: बोलायला दुसरा एखादा दारुडा मिळेल का? त्यातून डॉ. बॉब स्मिथ यांची गाठ पडली. बॉब यांनी शेवटचे मद्य घेतले तो १० जून १९३५ हा दिवस एएचा स्थापनादिन मानतात. दारुड्याशी दारुड्याने बोलायचे, हीच या पद्धतीची मूळ युक्ती. भारतात एए १९५७ पासून आहे. पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉन आणि अमली पदार्थांसाठी नार्कोटिक्स अनॉनिमस हे तिचेच भाऊबंद.

मराठी बैठक बहुधा शाळेच्या वर्गात, चर्चच्या किंवा एखाद्या संस्थेच्या खोलीत भरते. मोठी माणसे मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसतात. बोलणारा 'मी अमुक, अल्कोहोलिक' असे म्हणून सुरुवात करतो. आडनाव, जात, हुद्दा कोणी विचारत नाही, त्यामुळे कारकून आणि त्याचा साहेब एकाच बाकावर आले तरी बाहेर त्याची वाच्यता होत नाही. एकाने बोलावे, बाकीच्यांनी ऐकावे. मध्ये सल्ला द्यायचा नाही. सल्ले न देणारी मराठी माणसांची अशी दुसरी बैठक शोधून सापडणार नाही. फी नसते, डबा फिरतो, ज्याला जमेल तो त्यात टाकतो. बाहेरची देणगी घ्यायची नाही आणि सदस्य होण्यासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट, हे संघटनेचे लिखित दंडक आहेत. नवख्याला एक जुना सदस्य 'स्पॉन्सर' म्हणून मिळतो. तलफ आली तर पहिला घोट घेण्याआधी त्याला फोन करायचा असा प्रघात आहे. न पिता वर्ष झाले की 'बर्थडे' होतो. पन्नाशीच्या माणसाचा पहिला वाढदिवस साजरा होताना त्याची मुलगी टाळ्या वाजवते, तेव्हा खोलीत फारसे कोणी बोलत नाही.

एएचा कार्यक्रम बारा पायऱ्यांचा आहे. त्यातली 'उच्च शक्ती', म्हणजे स्वतःहून मोठ्या शक्तीवर भरवसा ठेवणे, अनेकांना खटकते. नास्तिक सदस्य गटालाच ती शक्ती मानून वेळ निभावतात. परिणामकारकतेबद्दलची शंका मात्र बरीच फिटली आहे. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक सहभागी होते. रुग्णाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणारे उपचार अखंड मद्यमुक्ती टिकवण्यात इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा सरस ठरले.

महाराष्ट्र आणि गोवा. पुण्यात येरवड्याला २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झालेले मुक्तांगण हे मराठी वाचकांना सर्वांत परिचित केंद्र. गर्दच्या विळख्याविषयी अनिल अवचट यांनी केलेले लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत देऊ केली आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी केंद्र उभे केले. तिथल्या समुपदेशकांत स्वतः व्यसनातून बाहेर पडलेल्यांचा भरणा मोठा आहे. त्यामुळे समोरच्याच्या थापा त्यांना चटकन कळतात. त्या त्यांनीही मारलेल्या असतात. निवासी उपचारानंतर ठरावीक अंतराने फॉलोअपला येणे हा तिथे उपचाराचाच भाग आहे, आणि पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे. नवरा दारू सोडतो तेव्हा घराचा कारभार वर्षानुवर्षे एकटीने ओढलेल्या बाईने तो पुन्हा त्याच्या हाती कधी आणि किती द्यायचा, हा प्रश्न अशाच गटात मोकळेपणाने निघतो.

मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेले कृपा फाउंडेशन बारा पायऱ्यांना अय्यंगार योगाची जोड देते. गोव्यातही त्यांचे काम आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तिथे दारू आणि तंबाखूविरोधी 'मुक्तिपथ' उपक्रमाने गावपातळीवर व्यसन उपचार शिबिरे नेली, कारण मजुरी बुडवून जिल्ह्याच्या गावी फॉलोअपला जाणे तिथल्या माणसाला परवडत नाही.

या सगळ्यांच्या आधीपासून खेड्यात एक पाठपुरावा चालत आला आहे: माळ घालणे. पंढरपूरला जाऊन तुळशीची माळ घातलेल्याला गावात कोणी दारूचा आग्रह करत नाही. संध्याकाळी भजनाला बसायला हक्काची जागा मिळते, वर्षाला वारी येते, दिंडीतले सोबती ठरतात. व्यसनमुक्तीशास्त्र ज्याला नवे मित्रमंडळ आणि नवा दिनक्रम म्हणते ते यात आयतेच असते. ज्याला झटके येतात त्याची दारू मात्र केवळ माळेच्या भरवशावर बंद करू नये, आधी दवाखाना.

औषधे. डायसल्फिरॅम ही गोळी घेतलेल्याने दारू प्यायली तर शरीरात अॅसिटाल्डिहाइड हा विषारी पदार्थ साचते. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. क्वचित हे जिवावर बेतते. गोळी रुग्णाच्या संमतीनेच द्यायची असते आणि घरातल्या एकाने रोज सकाळी समोर उभे राहून दिली तर तिचा उपयोग वाढतो. 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती पेपरात आणि एसटी स्टँडच्या भिंतींवर असतात. चहातून किंवा भाजीतून काही कालवणाऱ्या घरांनी हे ध्यानात घ्यावे की अशी पूड नेमकी कसली हेच कळत नसते आणि अंगावर आले तर डॉक्टरलाही थांग लागत नाही. नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट तलफ कमी करायला वापरतात. तीही डॉक्टरी सल्ल्यानेच.

आधार शोधणे. केंद्र सरकारच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळतात. उपचारानंतरचा आधार ही तर त्यापुढची गोष्ट. नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस १४४१६ या मोफत आहेत. अनुभवी समुपदेशक सुटीच्या आधीच रुग्णाला घराजवळच्या बैठकीला एकदा घेऊन जायला सांगतात. पत्ता लिहिलेली चिठ्ठी खिशात बहुधा धुण्यात जाते. पहिला गट पटला नाही तर दुसरा पाहावा, प्रत्येकाचा सूर वेगळा असतो.

मध्येच कोणी प्यायला तर त्याला गटांत 'स्लिप' म्हणतात. लाज वाटून तो बैठकीला येणे बंद करतो तेव्हा एका रात्रीची स्लिप महिन्यांवर जाते, म्हणून जुने सदस्य दुसऱ्याच दिवशी त्याच्या घरी थडकतात. स्वतः व्यसन सोडणाऱ्या बायकांना बैठकांची ही सोय फारशी मिळत नाही. पुरुषांनी भरलेल्या वर्गात उठून बोलणे अनेकींना जमत नाही आणि ओळखीचे कोणी भेटेल ही धास्ती त्यांना जास्त असते. करोनाकाळात फोनवर आणि झूमवर सुरू झालेल्या बैठकांचा उपयोग त्यांना झाला. कॅमेरा बंद ठेवून, स्वयंपाक उरकल्यावर, गच्चीत जाऊन ऐकता येते. आखातात किंवा अमेरिकेत राहणारे मराठी लोकही याच बैठकांना लागतात. तिथले घड्याळ वेगळे असल्याने कोणी पहाटे, कोणी जेवणाच्या सुटीत.