टाचेवरची सुई आणि सिस्टरचे हात

भाचीचं बाळ बत्तिसाव्या आठवड्यातच जन्मलं, वजन दीड किलो. बेळगावच्या एका रुग्णालयात, काचेच्या पेटीत. साखर तपासायला टाच टोचायची होती. सिस्टर घरी कन्नड बोलणारी, भाची खानापूरकडची. "अक्का, हात धुऊन या की, बाळाला धरायचंय," सिस्टर म्हणाली. मग तिनेच दाखवलं: एक तळवा डोक्यावर, दुसऱ्याने पाय पोटाशी दुमडलेले, बाळाच्या मुठी तोंडाजवळ. पोटात असतं तशी घडी. सुई टोचली तेव्हा बाळ कळवळलं, पण दोन-चार श्वासांत सावरलं.

इवल्या जिवाला दुखत नाही, असं एकेकाळी डॉक्टरही मानत. पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत. 1987 मध्ये कंवलजीत आनंद या मूळच्या भारतीय डॉक्टरांनी दाखवलं, की नीट भूल दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण खूपच कमी पडतो. उलट या बाळांना कळ जास्तच लागते. वेदना वर नेणाऱ्या नसा तयार असतात. ती कळ वरून दाबणारी मेंदूची यंत्रणा मात्र उशिरा पक्की होते. म्हणून तो आधार बाहेरून द्यावा लागतो.

आईच्या उघड्या छातीवर बाळ ठेवणं हा त्यातला एक मोठा आधार. कोलंबियाची राजधानी बोगोटा इथे 1978 साली सुरू झालेली ही कांगारू पद्धत. टोचण्याआधी दहा-पंधरा मिनिटं तरी बाळ तिथे असावं. ते शक्य नसेल तर आईच्या दुधाचे थेंब किंवा डॉक्टरांनी ठरवून दिलेलं साखरेचं पाणी, सुईच्या सुमारे दोन मिनिटं आधी, आणि चोखायला काहीतरी. घरी मात्र कुणी मध चाटवू नये. तान्ह्या बाळाला त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. मोठ्या शस्त्रक्रियेला हे उपाय पुरत नाहीत, तिथे औषधच हवं.

मला सगळ्यात जास्त लागली ती एक गोष्ट: फार लवकर जन्मलेलं बाळ अनेकदा रडतच नाही, गप्प पडून राहतं. रडलं नाही म्हणजे दुखलं नाही, असं नव्हे. म्हणून सिस्टर चेहरा वाचते. भुवया फुगून जवळ आल्या, डोळे गच्च मिटले, नाकापासून ओठाकडची घडी खोल झाली, की कळ लागली असं समजते. नजर मॉनिटरवरच्या ठोक्यांवर आणि ऑक्सिजनवरही असते.

आपल्याकडे आया दाराबाहेरच्या बाकावर बसून असतात. सुईच्या वेळी त्यांना आत बोलवायला फार तर एक हाक लागते. पुढच्या खेपेला सिस्टरने भाचीला पंधरा मिनिटं आधीच हाक मारली.