दुर्बिणीने हर्नियाचं ऑपरेशन झाल्यावरची गाठ: सेरोमा की परतलेला हर्निया?

जांघेतल्या हर्नियाचं दुर्बिणीने ऑपरेशन होतं, कमजोर जागेला आधार द्यायला जाळी बसते आणि आठवडाभरात त्याच जागी पुन्हा फुगवटा दिसतो. ऑपरेशन फसलं असं लगेच समजू नये. इतक्या लवकर आलेली गाठ बहुधा सेरोमा असते, म्हणजे हर्निया आत घेतल्यावर उरलेल्या पोकळीत साचलेलं पाणी. हर्निया मोठा असेल तर हे जास्त होतं.

रुग्णाला उभं करून खोकायला सांगावं. हर्निया परतला असेल तर बोटांना धक्का जाणवतो आणि आडवं झाल्यावर गाठ सहसा आत जाते. सेरोमा खोकल्याने फुगत नाही, आडवं होऊनही तेवढाच राहतो. शंका उरली तर सोनोग्राफी. कधी वीर्यनलिकेलगतची चरबीची गाठ काढायची राहून जाते. जाळी नीट असली तरी ही चरबीची गाठ हुबेहूब हर्नियासारखी भासते, म्हणून ऑपरेशनमध्येच ती शोधून मागे ओढायला हवी.

सेरोमा बहुतेकदा 6 ते 8 आठवड्यांत आपोआप जिरतो. सुईने पाणी काढायची घाई करू नये. त्या वाटेने जंतू जाळीपर्यंत पोचले, तर साध्या पाण्याचं मोठं दुखणं होतं. डायरेक्ट हर्नियात, म्हणजे जांघेची भिंतच कमजोर होऊन तिथून बाहेर येणाऱ्या हर्नियात, भिंतीचा सैल पडलेला पडदा आत ओढून कूपर लिगामेंटला (ओटीपोटाच्या हाडावरच्या मजबूत पट्ट्याला) टाचला, तर पोकळी लहान होते आणि पाणी कमी साचतं.

हर्निया परतण्याचं मूळ मात्र बहुधा ऑपरेशनच्या टेबलावरच असतं. जाळी किमान 10 × 15 सेंमी हवी आणि ती मध्यरेषेच्या पलीकडे पोचायला हवी. सगळ्यात नाजूक जागा म्हणजे तिची खालची कड. पेरिटोनियम (पोटाचं आतलं पातळ अस्तर) पुरेसं मागे सोडवलेलं नसेल, तर ऑपरेशनला जागा व्हावी म्हणून भरलेला गॅस बाहेर सोडताना ते या कडेखाली शिरून जाळी उचलतं आणि हर्नियाला वाट मिळते. म्हणून गॅस हळूहळू, जाळीवर नजर ठेवून सोडावा. मोठ्या डायरेक्ट हर्नियात जाळी टाचून पक्की करावी. पण इलिओप्युबिक ट्रॅक्टच्या (जांघेतल्या आडव्या तंतुमय पट्ट्याच्या) खाली, बाहेरच्या बाजूला टॅकर (जाळी टाचायची पिन) मारूच नये. तिथे मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा आहेत, आणि नस टाचली गेली तर दुखणं वर्षानुवर्षं राहू शकतं.

गाठ कडक होऊन खूप दुखू लागली, उलट्या झाल्या किंवा ताप येऊन कातडी लाल झाली, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवावं.