टेलफिन

टेलफिन : मोटारगाडीच्या मागच्या दोन्ही मडगार्डांची वरची कड उचलून, मागे ताणून आणि टोकाशी धार देऊन केलेला उभा, पंखासारखा भाग. मराठीत ‘मागचे पंख’ किंवा ‘शेपटीचे पंख’ असेही म्हणतात. गॅरेजमध्ये नुसते ‘फिन’. १९४८ ते १९६४ ही कॅडिलॅक या अमेरिकन गाडीची वर्षे धरली, तर या घडणीचा सारा चढउतार त्यांत येतो. जुन्या गाड्यांच्या पाठीमागच्या घडणीचे नावेसारखी निमुळती बोटटेल, छपरापासून सलग उतरणारी फास्टबॅक आणि वुनिबाल्ड काम (Kamm) या जर्मन अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी कापलेली शेपूट असे इतर प्रकार आहेत. त्यांत छप्पर आणि डिकीचा आकारच बदलावा लागतो. टेलफिनमध्ये फक्त मडगार्डाची रेघ बदलते. म्हणूनच तीच काच आणि तीच डिकी ठेवून नवी गाडी बाजारात आणणे कारखान्यांना जमले. १९५६ च्या स्टुडबेकर गोल्डन हॉकला तर पत्र्याऐवजी फायबरग्लासचे पंख वरून बसवले होते.

उगम : प्रचलित हकीकत अशी की, जनरल मोटर्सच्या रचना विभागाचे प्रमुख हार्ली अर्ल आपल्या काही रचनाकारांना घेऊन मिशिगनमधील सेलफ्रिज विमानतळावर गेले आणि तिथे लॉकहीड पी-३८ हे लढाऊ विमान सर्वांनी काही अंतरावरून पाहिले. या विमानाला दोन लांब दांड्या असून प्रत्येकीच्या टोकाला लंबगोल उभे सुकाणू असते. गाडीची दोन मडगार्डे म्हणजे या दोन दांड्या, अशी ही कल्पना. भेटीच्या वर्षाबाबत मतभेद आहेत. काही लेखक १९३९ च्या सुमाराचा काळ देतात. परंतु या विमानाचा पहिला नमुना जानेवारी १९३९ मध्ये उडाला आणि पुढच्याच महिन्यात कोसळला. नंतरचे नमुने सप्टेंबर १९४० पासून उडू लागले, आणि सेलफ्रिजच्या तुकडीकडे ही विमाने १९४१ च्या मध्याला आली. त्यामुळे १९४१ हे वर्षच अधिक ग्राह्य वाटते. फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत खासगी गाड्यांचे उत्पादन थांबले, त्यामुळे कल्पना आणि गाडी यांत सहासात वर्षांचे अंतर पडले.

श्रेय कोणाचे, हा दुसरा वाद. अर्ल यांच्याकडे ते परंपरेने जाते. युद्धापूर्वी कॅडिलॅकचा स्टुडिओ सांभाळणारे बिल मिचेल यांचेही नाव घेतले जाते. मात्र १९४८ च्या गाडीचे प्रत्यक्ष काम फ्रँक हर्शी यांच्या हाताखाली झाले. अर्ल यांनी एका टप्प्यावर पंख काढून टाकायला सांगितले होते आणि इतरांची पसंती कळल्यावर मत बदलले, असेही सांगितले जाते. विमान दाखवले अर्ल यांनी, मडगार्डावर आकार बसवला हर्शी यांच्या मंडळींनी, असे मानणे उपलब्ध वृत्तांतांशी सर्वांत जुळते.

त्या पहिल्या पंखाकडे जवळून पाहिले, तर तो विमानाच्या सुकाणूपेक्षा दिव्याच्या कोंदणासारखा दिसतो : मडगार्डावर उठलेला बुटका उंचवटा आणि त्याच्या मागच्या तोंडात बसवलेला लाल दिवा. डावा दिवा वर उचलला की खाली पेट्रोलचे झाकण. ही लपवाछपवी कॅडिलॅकने १९४१ पासूनच सुरू केली होती, म्हणजे ती पंखाहून जुनी आहे. शेव्हरोलेने १९५६ मध्ये झाकण डाव्या दिव्यामागे आणि १९५७ च्या बेल एअरमध्ये डाव्या पंखाच्या क्रोमपट्टीमागे दडवले. ठाऊक नसलेला पंपावरचा पोऱ्या ते बराच वेळ शोधत राहतो.

चेकोस्लोव्हाकियाच्या टाट्रा ७७ (१९३४) व टाट्रा ८७ या गाड्यांच्या पाठीवर मधोमध एक उभा पंख होता. त्यालाच काही अभ्यासक टेलफिनचा पूर्वज ठरवतात. पॉल यारे यांच्या वायुगतिकीय विचारांवर हान्स लेडविंका यांनी ही गाडी घडवली. इंजिन मागे असल्याने तिचे बूड जड होते आणि पंखाला खरे काम होते. जग्वारच्या डी-टाइप शर्यतीच्या गाडीवरील पंखही याच जातीचा. या एकेरी पंखांचा अमेरिकन जोडपंखांशी थेट संबंध दाखवणारा पुरावा दुबळा आहे.

स्थैर्याचा दावा : व्हर्जिल एक्सनर यांनी घडवलेल्या क्रायस्लर समूहाच्या १९५७ च्या गाड्यांना उंच, सरळ रेघेचे पंख आले. ते केवळ शोभेचे नसून आडव्या वाऱ्यात गाडी सरळ ठेवतात, असे कंपनीने वायुबोगद्यातील चाचण्यांच्या आधारे सांगितले. तत्त्व बरोबर आहे. आडव्या वाऱ्याचा जोर एकवटतो तो बिंदू साधारणतः गाडीच्या गुरुत्वमध्याच्या पुढे असतो, म्हणून झोत आला की नाक वाऱ्याबरोबर ढकलले जाते. मागे उभा पत्रा वाढवला की हा बिंदू मागे सरकतो. अडचण वेगाची आहे. हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ताशी १०० किमी. ला जो जोर मिळतो त्याचा चौथा हिस्साच ५० ला मिळतो. शिवाय छपरावरून सुटलेली खळबळती हवा पंखांच्या आतल्या बाजूवर येते आणि त्यांचे काम आणखी घटवते. महामार्गावर थोडा उपयोग, शहरात शून्य, असा हिशेब बहुतेक तंत्रज्ञ मांडतात. १९५९ च्या शेव्हरोलेचे आडवे, वटवाघळी पंख मात्र या युक्तिवादातही बसत नाहीत : आडवा पत्रा बाजूच्या वाऱ्याला अडवत नाही.

उंचीची चढाओढ : १९५६ च्या उन्हाळ्यात जनरल मोटर्सचे रचनाकार चक जॉर्डन यांनी क्रायस्लरच्या आवारातील नव्या गाड्या कुंपणातून पाहिल्या आणि १९५९ साठी तयार होत असलेले आराखडे बाजूला पडले. त्यातून आलेली १९५९ ची कॅडिलॅक हा या शैलीचा कळस समजला जातो. तिच्या पंखांची घडण डेव्ह हॉल्स यांच्याकडे दिली जाते; प्रत्येक पंखात बंदुकीच्या गोळीसारखे दोन लाल दिवे आहेत. सर्वांत उंच पंख तिचेच, की क्रायस्लर समूहाच्या १९६१ च्या इंपीरियलचे, हे मोजमाप जमिनीपासून घेता की मडगार्डाच्या रेघेपासून, यावर ठरते. घडण म्हणून १९५७ च्या क्रायस्लर गाड्या सरस ठरतात, कारण त्यांची रेघ दारापासून निघून अखंड मागे जाते. १९५९ च्या कॅडिलॅकचा पंख वरून ठेवल्यासारखा दिसतो. संग्राहकांची पसंती अर्थात कॅडिलॅकलाच आहे.

उतार झपाट्याने आला. एलवुड एंगल यांच्या १९६१ च्या लिंकन कॉन्टिनेंटलने पंखांवाचून भारदस्तपणा साधता येतो हे दाखवले. कॅडिलॅकचे पंख दरवर्षी बोटबोट उतरत १९६५ मध्ये गेले. उभ्या गाडीच्या धारदार टोकावर आदळून होणाऱ्या इजांची चर्चा वाहनसुरक्षेचे अमेरिकन पुरस्कर्ते राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये केली, तोवर फॅशन संपतच आली होती.

युरोपात पंख लहान राहिले : फोर्ड अँग्लिया १०५ई, सनबीम अल्पाइन, प्यूजो ४०४. मर्सिडीज-बेंझच्या १९५९ च्या डब्ल्यू १११ ला लोक ‘हेकफ्लोसे’, म्हणजे शेपटीचे पंख, म्हणत. कंपनी मात्र हे पंख म्हणजे गाडी मागे घेताना टोकाचा अंदाज देणारी ‘पाइलश्टेगे’ असल्याचे सांगे.

भारतात अँबॅसडरच्या मागच्या मडगार्डांवर मॉरिस ऑक्सफर्डकडून आलेला हलका उठाव होता. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फियाट ११०० ला, म्हणजे पुढच्या पद्मिनीला, आखूड पण स्पष्ट पंख होते. लोक ज्यांना ‘डुक्कर फियाट’ म्हणत, त्या आधीच्या गोलसर गाड्यांपेक्षा ती मागून लगेच वेगळी ओळखू येई. मुंबईत पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २००३ ची. वीस वर्षांच्या मर्यादेनुसार ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

दुरुस्ती : पंख आतून पोकळ असतो. दिव्याचे रबर सुकले की पाणी आत उतरते आणि चाकामागच्या खालच्या खिशात साचते. तिथली निचऱ्याची भोके चिखलाने बुजलेली असली की गंज आतून बाहेर येतो. रंगावर फोड दिसला म्हणजे पत्र्याला भोक पडलेले आहे असेच धरावे. जाडजूड पुटी, म्हणजेच लांबी, भरणे ही नेहमीची चूक. तीन मि.मी. पेक्षा जाड थर कडेला तडकतो. लोहचुंबक फिरवला की तो लगेच सापडतो.

मूळ पद्धत शिशाची. ३० टक्के कथील व ७० टक्के शिसे हे मिश्रण सुमारे १८३ ते २५५ अंश से. मध्ये लोण्यासारखे राहते. उघड्या पत्र्याला आधी कल्हई करून घेतात, मग मऊ ज्योतीने तापवत तेल लावलेल्या लाकडी पट्टीने शिसे पसरतात. लांब सपाट पत्र्यावर ज्योत एका जागी थांबली की लाट उठते आणि ती बसवणे कठीण जाते. घासायला कानसच वापरावी. ग्राइंडरने शिशाची विषारी धूळ उडते. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतात, कारण कल्हईआधी पत्रा साफ करणाऱ्या लेपातले, म्हणजे फ्लक्समधले, आम्ल राहिले तर काही महिन्यांत रंग उचलतो.

दोन्ही पंख सारखे आहेत का हे फक्त जमिनीपासून मोजून कळत नाही. एका बाजूचा स्प्रिंगचा पाटा दबलेला असला तरी फरक दिसतो. टायरची हवा सारखी करावी, मागच्या काचेच्या खालच्या कडेपासूनही माप घ्यावे आणि चांगल्या पंखावरून कापलेला पुठ्ठा उलटा करून दुसऱ्यावर ठेवून पाहावा. धारेवर रंगाचा थर मुळातच पातळ बसतो. पॉलिशच्या वेळी तिथे कागदी टेप लावली नाही, तर मशीन दोन फेऱ्यांत प्रायमर उघडा पाडते.

दिव्यांची चौकट बाजारात ज्याला मझाक म्हणतात त्या जस्ताच्या ओतीव धातूची असते. तिच्यातले खड्डे कोरून, तांब्याचा थर देऊन, भरून, मग निकेल आणि क्रोम चढवावे लागते. खड्ड्यांवरूनच क्रोम केला तर तो फुगतो. चौकट बसवताना आणखी एक गोष्ट राहून जाते : दिव्याचे अर्थिंग तिच्या स्क्रूंमधून होते आणि नवा रंग ते तोडतो. मग इंडिकेटर दिला की विजेचा प्रवाह दुहेरी बल्बच्या दुसऱ्या तारेतून वाट काढतो आणि दोन्ही दिवे मंद लुकलुकतात. होल्डरपासून चॅसीपर्यंत वेगळी अर्थची वायर टाकली की दोष जातो. बल्ब बदलून जात नाही.