नवी गाडी पहिल्याच महिन्यात कुरकुरायला लागली तर

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गाडीची पूजा झाली, चाकाखाली लिंबू ठेवून झालं, गल्लीत पेढे वाटले आणि पंधरवड्यातच इंजिनचा पिवळा दिवा पेटला. अशा वेळी माणूस घाबरतो आणि ओळखीच्या मिस्त्रीकडे धावतो. म्हणून सगळ्यात आधी एकच सांगतो: वॉरंटीतल्या नव्या गाडीचा एकही बोल्ट बाहेर खोलून घेऊ नका. आमच्याकडूनसुद्धा नाही. आम्ही स्कॅनर लावून गाडीच्या संगणकात साठलेले बिघाडाचे कोड वाचतो, व्होल्टेज आणि दाब मोजतो, जे दिसलं ते लिहून देतो. पाना लावत नाही, कोड पुसत नाही. दुरुस्तीचा खर्च आणि जबाबदारी कंपनीची आहे, आणि ती तिच्याकडेच राहावी यासाठी पहिले काही दिवस फार महत्त्वाचे असतात.

थांबायचं की चालवत न्यायचं

तेलाच्या दाबाचा लाल दिवा, म्हणजे किटलीसारखं चिन्ह, चालत्या गाडीत पेटला तर बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा. "पुढच्या गावापर्यंत जाऊ" असं म्हणू नका. दाब नसेल तर क्रँकच्या बेअरिंगवर तेलाचा थर राहत नाही आणि फार थोड्या वेळात धातू धातूला घासतो.

तापमानाचा लाल दिवा चोर्ला किंवा आंबोली घाट चढताना पेटला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण उघडा, सुरक्षित जागा दिसताच थांबा. कूलंटच्या टाकीचं झाकण किमान अर्धा तास उघडू नका. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं आणि ते थेट तोंडावर येतं. निळा दिवा मात्र बिघाडाचा नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो; इंजिन थंड असताना निळा दिवा लागतो आणि थोडं चालल्यावर विझतो.

बॅटरीचा लाल दिवा म्हणजे अल्टरनेटर चार्ज करत नाही. एसी, म्युझिक, मागच्या काचेचा हीटर बंद करून जवळचं वर्कशॉप गाठता येतं, पण तापमानावर डोळा ठेवा. अनेक इंजिनांत पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर फिरतो. पट्टा तुटला असेल तर चार्जिंगपाठोपाठ इंजिनही तापेल.

इंजिनचा पिवळा दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश चालवत नेता येते. तो लुकलुकत असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये जाळ नीट होत नाही. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि हजारोंचा भाग काही किलोमीटरमध्ये खराब होतो. वेग कमी करा, थांबा, कंपनीच्या रस्त्यावरील मदत सेवेला फोन लावा. चोर्ल्यात बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, म्हणून तो नंबर कागदावर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिक गाडी दोरीनं ओढू देऊ नका, सपाट पाठीच्या ट्रकवरच चढवा. पुढची चाकं फिरत राहिली तर गिअरबॉक्सला तेल न पोचता तो आतून खराब होतो.

काळजी करू नये अशा गोष्टी

रात्री पाऊस पडल्यावर सकाळी ब्रेक डिस्कवर तांबूस गंज दिसतो आणि पहिल्या दोन-चार ब्रेकला कर्रकर्र होते. जांबोटी, कणकुंबी भागात पावसाळाभर हे रोजचं आहे. गाडी बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा थोडा वेळ फिरतो. एसीचं पाणी खाली ठिबकतं. नव्या सायलेन्सरला पहिले काही दिवस वास येतो. गाडी फारच उडत असेल तर आधी हवा बघा: यार्डात उभ्या गाड्यांत कधी कधी ४० पीएसआयच्या वर हवा असते आणि देताना कमी करायची राहून जाते. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो.

नव्या गाडीत खरा बिघाड कुठून येतो

पहिल्या महिन्यात पिस्टन किंवा गिअर तुटणं क्वचितच घडतं. बहुतेक तक्रारी जोडणीतल्या असतात. नीट न बसलेला कनेक्टर, ढिला होज क्लॅम्प, रंगावरच घट्ट केलेला अर्थिंगचा बोल्ट, क्लिप न लागलेली वायर. कारखान्यात हे तपासलं जातं, पण गाडी तापते, थंड होते, खड्ड्यांतून हादरते, तेव्हाच अर्धवट बसलेला जोड सुटतो. म्हणूनच दोष कधी येतो, कधी येत नाही, आणि वर्कशॉपमध्ये नेल्यावर नेमका दिसत नाही.

दुसरं मूळ यार्डात. महिनोन्‌महिने उभ्या गाडीची बॅटरी उतरत जाते आणि तिच्या प्लेटांवर सल्फेट बसतं. मग वरून चार्ज करून दिली तरी ती टिकत नाही. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मीटरनं बघा: १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक, १२.२ म्हणजे अर्धी उतरलेली. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.७ यायला हवं. मात्र बऱ्याच बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाड्यांत अल्टरनेटर संगणकाच्या हुकमावर चालतो आणि मध्येच आकडा खाली येतो, त्यामुळे एका क्षणाच्या मापावरून निकाल देऊ नका.

तिसरं मूळ, आणि यात ग्राहकाचं सगळ्यात जास्त नुकसान होतं, ते म्हणजे ॲक्सेसरीज. जादा हेडलाइट, मोठा हॉर्न, रिव्हर्स कॅमेरा, डॅशकॅम बसवताना मूळ वायर कापून, सोलून, टेप गुंडाळली जाते. पुढे त्या सर्किटमध्ये काहीही झालं की वॉरंटी नाकारायला कारण तयार. काम शोरूममध्येच करून घ्या, बिलावर नोंद घ्या, आणि वायर न कापता कपलरला कपलर जोडणारं किटच मागा. सतत चालू राहणारा डॅशकॅम २५० मिलिअँपिअर ओढत असेल तर दिवसाला ६ अँपिअर-तास जातात. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. तीन दिवस गाडी हलली नाही तर निम्मी बॅटरी संपते. गाडी लॉक करून सगळे कंट्रोलर झोपल्यावर एकूण ओढ ५० मिलिअँपिअरच्या आत हवी.

उंदीर-घुशींचंही सांगायला हवं. भाताच्या आणि उसाच्या शेताजवळ गाडी लावणाऱ्यांना वायर कुरतडलेली सापडते. ते वॉरंटीत बसत नाही. बॉनेट उघडून लेंड्या किंवा काड्याकुड्या दिसल्या तर हात लावण्याआधी फोटो काढा आणि विमा कंपनीला विचारा.

डिझेलवाल्यांसाठी

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. त्यात साठलेली काजळी ठरावीक काळानं साधारण ६०० अंशाला जाळली जाते. बेळगावात कॅम्पातून टिळकवाडी, तिथून शहापूर, अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत एक्झॉस्ट तापतच नाही, जाळणं अर्धवट राहतं आणि दिवा लागतो. फिल्टरचा दिवा नुसता लागला असेल तर महामार्गावर हत्तरगी टोलनाक्याच्या दिशेनं सलग पंधरा-वीस मिनिटं ६० च्या वर वेग ठेवून गाडी चालवा. बहुतेक वेळा दिवा विझतो. अशा वेळी उभ्या गाडीतही इंजिनचा वेग (आयडलिंग) थोडा वाढतो, पंखा जोरात फिरतो, उग्र वास येतो. मध्येच इंजिन बंद करू नका.

काजळी जाळण्यासाठी सोडलेलं जादा डिझेल वारंवार अर्ध्यात राहिलं तर सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरतं. म्हणून डिपस्टिकवर तेल कमी झालंय का हे बघता तसं वाढलंय का हेही बघा. कमाल खुणेच्या वर पातळी गेली तर गाडी न चालवता कळवा. पातळ झालेलं तेल बेअरिंग राखत नाही.

पेट्रोल असो वा डिझेल, तेल सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी बघायचं. पिस्टनच्या रिंगा बसेपर्यंत थोडं तेल जातं, पण पहिल्या १,००० किमीतच कमालवरून किमान खुणेवर आलं तर जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या तक्रारनोंदीच्या कागदावर, लिहून घ्या. कूलंटही सुरुवातीला हवा निघून किंचित उतरतं. सकाळी थंड इंजिनला टाकीवर मार्करनं रेघ मारा. चार दिवसांत रेघेखाली जात राहिलं, गोडसर वास आला किंवा होजच्या जोडावर रंगीत खपली दिसली तर गळती आहे.

"तुमच्या इंधनात भेसळ आहे" असं ऐकवलं तर

कधी ते खरंही असतं. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. पावसाळ्यात पंपाच्या टाकीत पाणी शिरलं तर इथेनॉल ते पाणी ओढून घेतं आणि वेगळा थर होऊन तळाला बसतं. पेट्रोल भरल्यावर लगेचच गाडी झटके देऊन बंद पडली तर संशय घ्या. प्रत्येक वेळी बिल जपून ठेवा. पंपावर घनता आणि फिल्टर पेपरची चाचणी मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. वर्कशॉपनं भेसळीचं कारण दिलं तर टाकीतला नमुना तुमच्यासमोर काचेच्या बाटलीत काढून, सील करून, तसं लेखी मागा. नुसत्या तोंडी बोलण्यावर वॉरंटी सोडू नका.

मलप्रभेच्या किंवा वेदगंगेच्या पुराच्या पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. हा निर्मितीदोष नाही. विम्यात इंजिन संरक्षणाची जोड घेतली असेल तरच भरपाई मिळते.

जॉब कार्ड

खरी लढाई याच कागदावर जिंकली जाते. सर्व्हिस ॲडव्हायझर "नॉइज चेक" एवढंच लिहितो. त्यावर सही करू नका. तुमचं वाक्य असं हवं: "सकाळी थंड इंजिन, पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जाताना १५ ते २० च्या वेगात पुढून उजव्या बाजूनं एकदाच 'कट' आवाज, तापल्यावर येत नाही, ४१२ किमीपासून सुरू." तक्रारीत एसी चालू होता का, किती माणसं होती, रस्ता चढाचा की सपाट, हेही येऊ द्या. आवाज किंवा दिवा आला की शेजाऱ्याला मोबाइल धरायला सांगा. व्हिडिओत मीटरवरचे किलोमीटर दिसले पाहिजेत. आवाज थंड इंजिनलाच येत असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी वर्कशॉपमध्ये सोडा आणि सकाळी मेकॅनिकला शेजारी बसवून फेरी मारा.

वर्कशॉपनं कोड पुसण्याआधी स्कॅनरच्या पडद्याचा फोटो घ्या. कोडसोबत "फ्रीझ फ्रेम" असते: दोष आला त्या क्षणी वेग, आरपीएम, तापमान किती होतं याची नोंद. पी-०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये जाळ नीट न होणं (मिसफायर), पी-०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी, हे कुठल्याही स्कॅनरवर कळतं, पण एकदा पुसलं की फ्रीझ फ्रेमही जाते. सॉफ्टवेअर बदललं तर जुनी आणि नवी आवृत्ती, भाग बदलला तर त्याचा पार्ट नंबर, आणि रक्कम शून्य असली तरी बिल मागा. बदललेला भाग कंपनीकडे परत जातो, तेव्हा त्याचा फोटो आधीच काढा. गाडी आत गेल्याची आणि बाहेर आल्याची तारीख लिहिलेली हवी. "दोष आढळला नाही" म्हणून कार्ड बंद करत असतील तर सहीशेजारी "तक्रार कायम आहे" असं लिहा. तीच तक्रार परत आली तर ती "पुन्हा उद्भवलेली" म्हणून नोंदली गेली पाहिजे. नवीन म्हणून नव्हे.

वॉरंटी देशभरातल्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये चालते. कोल्हापुरात घेतलेली गाडी बेळगावात दाखवता येते, केए-२२ ची, म्हणजे बेळगावची, गाडी गोव्यातही. एका ठिकाणी दाद लागत नसेल तर दुसरीकडे नेऊन बघा.

दाद कुठे मागायची

आधी वर्क्स मॅनेजर, मग कंपनीचं ग्राहक सेवा केंद्र. तिथला तक्रार क्रमांक लिहून ठेवा आणि विभागीय सर्व्हिस मॅनेजरसमोर एकत्र तपासणी मागा. पत्र ईमेलनं आणि इंग्रजीत केलेलं बरं, कारण ते पुढे कंपनीच्या मुख्य कचेरीत वाचलं जातं. चेसिस क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तुमच्या गाडीवर रिकॉल आहे का, म्हणजे दोष काढायला कंपनीनं ती परत बोलावली आहे का, तेही बघा. असेल तर काम फुकट होतं.

त्यानंतर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक, तिथे मराठीतही बोलता येतं. मग डीलर आणि कंपनी दोघांनाही वेगवेगळी नोटीस. एकालाच पाठवली तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार दोष उद्भवल्यापासून दोन वर्षांत करावी लागते, आणि ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते. आपल्या भागासाठी ही मोठी सोय आहे: चंदगडच्या माणसानं बेळगावात गाडी घेतली तरी तो कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात जाऊ शकतो, आणि निपाणीकरानं कोल्हापुरात घेतली तरी तो बेळगावच्या आयोगात. ५० लाखांपर्यंतची गाडी जिल्हा आयोगाकडे येते. शुल्क ५ लाखांपर्यंत नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये. वकील सक्तीचा नाही. पोटासाठी स्वतः वडाप किंवा टॅक्सी चालवणाराही ग्राहकच आहे.

पूर्ण गाडी बदलून मिळणं अवघड असतं. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये अशाच एका प्रकरणात वॉरंटीच्या अटीनुसार सदोष भाग बदलून देण्यापुरतीच जबाबदारी धरली होती. निर्मितीदोष आहे हे सांगणारा तज्ज्ञाचा लेखी अहवाल नसेल तर तक्रार कमकुवत पडते. आमच्याकडून मोजमापांचा असा अहवाल हवा असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी आणा, आदल्या दिवशी कोड पुसू नका, आणि दोन्ही चाव्या, सगळी जॉब कार्डं व इंधनाची बिलं सोबत असू द्या.