फिरवलेले मूल आणि फिरणारे मूल

पुण्या-मुंबईच्या गृहसंकुलांमध्ये सध्या वर्ष-दीड वर्षाच्या मुलांना 'खेळ आणि हालचाल' शिकवणाऱ्या वर्गांच्या जाहिरातींचा सुकाळ आहे. त्यांपैकी अनेक जाहिरातींत एक वाक्य हमखास आढळते : मेंदूची ऐंशी टक्के वाढ पहिल्या तीन वर्षांत होते, तेव्हा हा काळ दवडू नका. या वाक्याचा पूर्वार्ध खोटा नाही. दोन वर्षांच्या मुलाच्या मेंदूचे आकारमान प्रौढ मेंदूच्या सुमारे चार-पंचमांश झालेले असते. मात्र आकारमान वाढणे आणि शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ही वाढ पोषण, झोप व माणसांचा सहवास यांवर होते. वर्गाची फी भरली नाही म्हणून ती अडून राहत नाही. काही जण याच्याही पुढे जाऊन 'मध्यमेंदू जागृत' करण्याची भाषा करतात. मध्यमेंदू हा मस्तिष्कस्तंभाचा, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठाचा, वरचा भाग असून तो डोळ्यांच्या हालचाली, आवाजाच्या दिशेने मान वळवणे अशी कामे जन्मापासून करत असतो. जो झोपलेलाच नाही त्याला जागे करण्याचे पैसे घेणे ही शुद्ध फसवणूक आहे, आणि 'डोळे बांधून वाचून दाखवतो' असे प्रयोग त्याच पठडीतले आहेत.

म्हणून असे सगळेच वर्ग टाकाऊ ठरतात असे नाही. दोन खोल्यांच्या सदनिकेत वाढणाऱ्या मुलाला मोकळी जागा, चढ-उतार आणि बरोबरीची मुले मिळणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण वर्ग निवडताना आई-वडील ज्या गोष्टी पाहतात, म्हणजे भिंतींचे रंग, परदेशी साहित्य, भिंतीवर टांगलेली प्रमाणपत्रे, त्यांच्याऐवजी मी एकच गोष्ट पाहण्याचा आग्रह धरीन : त्या पाऊण तासात मूल स्वतः किती हलते आणि त्याला दुसरे कोणी किती हलवते? हा भेद वरवर किरकोळ वाटतो. तो किरकोळ का नाही हे समजून घ्यायचे, तर कानाच्या आत शिरावे लागते.

आपला अंतर्कर्ण ऐकण्याबरोबरच तोल सांभाळण्याचेही काम करतो. त्यात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, एकमेकींशी जवळपास काटकोनात बसवलेल्या आणि द्रवाने भरलेल्या. डोके वळले की नलिका डोक्याबरोबर वळते, पण आतला द्रव जडत्वामुळे क्षणभर मागे राहतो. या मागे राहण्यामुळे नलिकेच्या फुगीर टोकाशी असलेला जेलीसारखा पडदा वाकतो, त्यात रुतलेले रोमपेशींचे सूक्ष्म रोम वाकतात आणि मेंदूकडे संदेश जातो. गोल गोल फिरून थांबल्यावर जग फिरत राहिल्यासारखे वाटते, ते नेमके याच्या उलट घडल्यामुळे : आपण थांबलेलो असतो, द्रव थांबलेला नसतो. नलिकांशेजारी दोन छोट्या पिशव्या असतात. त्यांतील रोमपेशींवर कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीच्याच द्रव्याचे, अतिसूक्ष्म कण पसरलेले असतात. हे कण वजनदार असल्यामुळे डोके कलले किंवा शरीराने पुढे-मागे, वर-खाली वेग घेतला की ते सरकतात, आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा कोणती हे मेंदूला कळते.

ही सगळी यंत्रणा जन्माच्या वेळी जवळजवळ पूर्ण आकाराची असते. नवजात बाळाचे हात-पाय पुढे कितीतरी वाढणार असतात. अंतर्कर्णाच्या नलिका मात्र तेवढ्याच राहतात. मग वर्षाचे मूल पावलागणिक भेलकांडते कशामुळे? कारण संदेश येणे आणि त्याचा अर्थ लागणे यांत मोठे अंतर आहे. चुनखडीच्या कणांचीच अडचण पाहू. डोके मागे कलले तरी ते कण मागे सरकतात आणि डोके सरळ ठेवून शरीर वेगाने पुढे गेले तरीही ते मागेच सरकतात. केवळ त्या कणांच्या आधारे या दोन घटना वेगळ्या करता येत नाहीत, कारण गुरुत्वाकर्षण आणि त्वरण, म्हणजे वेग बदलणे, यांचा परिणाम एकसारखाच असतो. आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्ताच्या मुळाशी हेच निरीक्षण आहे. त्यामुळे मेंदूला नलिकांना विचारावे लागते की डोके वळले का, डोळ्यांना विचारावे लागते की समोरचे दृश्य सरकले का, आणि घोटे, गुडघे व मान यांना विचारावे लागते की सांधे किती वाकले. या साक्षी पुष्कळदा जुळत नाहीत, आणि कोणत्या साक्षीला किती महत्त्व द्यायचे हे जन्मतः ठरलेले नसते.

एडिंबरा येथे डेव्हिड ली आणि एरिक अ‍ॅरनसन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात पाहण्यासारखा आहे. त्यांनी भिंती आणि छत असलेली, पण जमीन नसलेली खोली वरून टांगली. नुकतीच उभी राहू लागलेली, १३ ते १६ महिन्यांची मुले खऱ्या, स्थिर जमिनीवर आत उभी केली आणि खोली थोडीशी पुढे-मागे सरकवली. जमीन जागची हलली नव्हती, कान आणि घोटे बरोबर माहिती देत होते. तरी कित्येक मुले डुलली, धडपडली किंवा पडली. समोरची भिंत जवळ येते आहे, त्या अर्थी आपण पुढे झुकलो आहोत, असा निष्कर्ष त्यांच्या मेंदूने काढला आणि न गेलेला तोल सावरताना खराखुरा तोल गेला. प्रौढ माणूस अशा खोलीत थोडा डुलतो, पण सहसा पडत नाही.

कान, डोळे आणि सांधे यांच्याखेरीज एक चौथा साक्षीदार असतो, आणि माझ्या मते या साऱ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच आहे. मेंदू जेव्हा मान वळवण्याची किंवा पाऊल टाकण्याची आज्ञा स्नायूंना देतो, तेव्हा त्या आज्ञेची एक प्रत तो स्वतःपाशी ठेवतो, आणि तिच्या आधारे 'आता कानाकडून अमुक संदेश यायला हवा' असे भाकीत करतो. ही कल्पना एरिख फॉन होल्स्ट आणि होर्स्ट मिटेलश्टेट या जर्मन शास्त्रज्ञांनी १९५० साली मांडली. पुढे कॅथलीन कलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या मस्तिष्कस्तंभातील एकेका चेतापेशीची नोंद घेऊन ती प्रत्यक्ष दाखवून दिली. तोलाचे संदेश स्वीकारणाऱ्या काही चेतापेशी माकडाचे डोके बाहेरून कोणी हलवले की जोरदार प्रतिसाद देतात. तेच डोके माकडाने आपणहून तेवढेच हलवले, तर त्यांचा प्रतिसाद फारच क्षीण होतो. कानाने दोन्ही वेळा सारखाच संदेश पाठवलेला असतो. पण दुसऱ्या वेळी तो अपेक्षितच असल्यामुळे वजा केला जातो आणि उरते ती फक्त चूक, म्हणजे भाकीत आणि वास्तव यांतला फरक.

घाटातल्या वळणांवर मागच्या आसनावरच्या माणसाला गाडी लागते आणि चालकाला सहसा लागत नाही, त्यामागेही अशाच भाकिताचा हात आहे. वळण दोघांनाही सारखेच बसते. ते कधी येणार हे चालकाचे हात आधीच जाणून असतात.

मुलाच्या दृष्टीने या वजाबाकीतून उरलेली चूक हाच खरा धडा असतो. कलेन यांच्या गटाने माकडाच्या डोक्याला बाहेरून प्रतिकार दिला, तेव्हा आज्ञा आणि प्रत्यक्ष हालचाल यांचा मेळ बसेना. मग अनुमस्तिष्कातील, म्हणजे लहान मेंदूतील चेतापेशींनी आपले भाकीत हालचालीगणिक थोडे थोडे सुधारत नेले आणि थोड्याच वेळात नव्या परिस्थितीशी जुळवून घेतले. दीड वर्षाच्या मुलाची परिस्थिती तर रोज नवी असते. पाय लांबत असतात, वजन वाढत असते, मोठ्या डोक्यामुळे शरीराचा गुरुत्वमध्य वर असतो, त्यात आज पायात मोजे, उद्या गवत. गेल्या महिन्यातले भाकीत या महिन्यात उपयोगाचे नसते. ते सुधारायचे तर आधी भाकीत करावे लागते, आणि भाकीत करायचे तर आज्ञा स्वतःची असावी लागते. मुलाला काखेत धरून वर्गातल्या ताईंनी उतारावरून घरंगळवले, तर कानाला संदेश मिळेल, मुलाला मजाही येईल. पण तपासून पाहायला त्याच्यापाशी आज्ञेची प्रत नसेल.

रिचर्ड हेल्ड आणि अ‍ॅलन हाइन यांचा १९६३ सालचा मांजराच्या पिल्लांवरचा प्रयोग याच मुद्द्याचा आहे. अंधारात वाढवलेली दोन पिल्ले रोज काही काळ उजेडात एका फिरत्या दांडीच्या दोन टोकांना जोडली जात. एक आपल्या पायांनी चाले. दुसरे एका टोपलीत बसून, पहिल्याच्या चालण्यामुळे, तेवढेच फिरे आणि साधारण तेच पाही. नंतर तपासणी केली असता चाललेले पिल्लू खोलगट भासणाऱ्या कडेपासून दूर राही आणि टेकण्याआधी पंजे पुढे करी. टोपलीतल्या पिल्लाला हे जमेना. दोन दिवस उजेडात मोकळे सोडल्यावर मात्र त्यालाही ते जमू लागले. माणसाचे मूल म्हणजे मांजराचे पिल्लू नव्हे, त्यामुळे या प्रयोगातून थेट शिकवणीचे नियम काढू नयेत. दिशा मात्र तीच आहे.

मुलांवरचे काम न्यूयॉर्कमध्ये कॅरन अ‍ॅडॉल्फ यांनी केले आहे. मोकळ्या खेळात १२ ते १९ महिन्यांची मुले तासाला सरासरी २,३६८ पावले टाकतात आणि १७ वेळा पडतात, असे त्यांच्या गटाने २०१२ साली मोजून दाखवले. त्याआधीच्या त्यांच्या एका अभ्यासात रांगणाऱ्या बाळांपुढे कमी-अधिक उताराची फळी ठेवली होती. खाली आई हाक मारी आणि बाजूने एक संशोधक पडणाऱ्या बाळाला झेलायला तयार असे. रांगायला नुकती लागलेली बाळे कोणत्याही उतारावर झेप घेत. काही आठवड्यांनी तीच बाळे काठाशी थांबून हाताने चाचपून पाहू लागली आणि न झेपणारे उतार टाळू लागली. मग ती चालू लागली, आणि तेच उतार पाहून पुन्हा बेधडक निघाली. रांगताना मिळवलेले शहाणपण उभे राहिल्यावर उपयोगी पडले नाही, कारण डोळ्यांची उंची, तोलाचा पाया आणि स्नायूंच्या आज्ञा सगळेच बदलले होते. भाकिताची वही पुन्हा पहिल्या पानापासून लिहावी लागली.

आता वर्गाकडे येऊ. पैसे भरण्यापूर्वी एक तास बसून पाहू द्या, असे सांगावे. पाहू देत नसतील तर तो वर्ग सोडून द्यावा. पाहताना फोमच्या उतारावर नजर ठेवावी. चौदा महिन्यांचे मूल वरच्या काठाशी येते, एक पाय पुढे सरकवून दाबून पाहते, मागे घेते, खाली बसते, मग पालथे होऊन पाय आधी सोडत उलटे घसरते. या सगळ्याला पाऊण मिनिटसुद्धा लागते आणि बाहेरून पाहणाऱ्याला मूल घुटमळते आहे असे वाटते. चांगली ताई या वेळी हात जवळ ठेवते आणि लावत नाही. ज्या वर्गात 'चला, पुढचा नंबर' म्हणत दर दहा सेकंदांनी एक मूल उचलून सोडले जाते, तेथे उतार कितीही महागडा असला तरी त्याचा खरा उपयोग होत नाही. तसेच, बारा मुले रांगेत बसून एकाची पाळी पाहत असतील, तर त्या वर्गातले मुख्य शिक्षण वाट पाहण्याचे आहे. अनवाणी पाय, निरनिराळे पृष्ठभाग, कमी उंचीचे अडथळे, थोडी मुले आणि पडल्यावर धावत न सुटणारी माणसे एवढे असले की पुरते. मोठ्या माणसाने बघत राहावे, मुलाने करावे, ही जुनीच गोष्ट आहे. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या अंगणवाडीत अंगणातल्या साध्या वस्तूंवर ती उभी केली.

दोन गोष्टी मात्र सुरक्षिततेच्या आहेत आणि त्यांत तडजोड नको. मुलाचे पंजे धरून त्याला गरगर फिरवणे किंवा उचलून झुलवणे कटाक्षाने टाळावे, कारण एक ते चार वर्षांच्या वयात कोपरातले अस्थिबंध सैल असतात आणि अशा ओढीने हाडाचे टोक त्यातून निसटते. दुसरी गोष्ट ट्रॅम्पोलिन. सहा वर्षांखालील मुलांनी ते वापरू नये, असा अमेरिकेतील अस्थिशल्यविशारदांच्या संघटनेचा सल्ला आहे. मोठे मूल आणि लहान मूल एकत्र उड्या मारतात तेव्हा जड मुलाच्या उडीची ऊर्जा जाळीतून हलक्या मुलाच्या पायात जाते आणि नडगीचे हाड मोडू शकते.

वर्गाकडून अपेक्षा किती ठेवावी, हे साध्या हिशेबानेही कळते. एक ते दोन वर्षांच्या मुलाने दिवसातून किमान १८० मिनिटे निरनिराळ्या हालचाली कराव्यात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले. आठवड्याचे १,२६० मिनिटे झाले. पाऊण तासाचे दोन वर्ग म्हणजे ९० मिनिटे, जेमतेम सात टक्के. उरलेले त्र्याण्णव टक्के जिने, गॅलरी, अंगण, बाग आणि गाद्यांच्या ढिगाऱ्यावरच व्हायचे आहेत. लाकडी पांगुळगाडा असेल तर जरूर वापरावा, कारण तो मूल स्वतः ढकलते; ज्यात मुलाला बसवून पाय लोंबकळत ठेवतात तो चाकांचा वॉकर नको. अपघातांमुळे कॅनडाने त्याच्या विक्रीवर २००४ पासून बंदी घातली आहे.

शेजारचे मूल दहाव्या महिन्यात चालले म्हणून घाईने वर्ग लावणारे पालकही बरेच असतात. भारतासह पाच देशांत केलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत निरोगी मुलांचे आधाराशिवाय चालणे ८.२ ते १७.६ महिने एवढ्या रुंद पट्ट्यात पसरलेले आढळले. या पट्ट्यात आधी-नंतर असण्याला काही अर्थ नाही. अठरा महिने उलटूनही मूल चालत नसेल, तर वर्गात नव्हे, बालरोगतज्ज्ञांकडे जावे. आणि ते मूल हाकेला किंवा भांडे पडल्याच्या आवाजालाही दचकत नसेल, तर श्रवणचाचणी लगेच करून घ्यावी. ऐकण्याचे आणि तोलाचे इंद्रिय एकाच हाडाच्या पोकळीत असते, आणि जन्मतः कर्णबधिर असलेल्या बऱ्याच मुलांमध्ये तोलाची यंत्रणाही दुबळी असल्याने ती उशिरा चालू लागतात.